हाकेला पहिली ओ

गुळाचा हंगाम. मार्केट यार्डात गांधीलमाश्याही
अडत्यांसारख्या, या रव्यावरून त्या रव्यावर.
मगदूम शेठांच्या वजनकाट्याचा संगणक मला तपासायचा होता,
कारण आठवड्यापूर्वी तो अचानक
शहाण्यासारखा वागू लागला होता.
"बिघडलं तर कळतं," शेठ म्हणाले,
"आपणहून सुधारलंय, म्हणून भ्या वाटतंय."

आधी पावतीवर ळ उमटत नसे.
ळच्या जागी कोरा चौकोन.
कळे, कळंबा, पन्हाळा, अर्धा जिल्हा भोकं पडलेला,
आणि गूळ, तीस किलो, असं टाइप केलं की
कागदावर गू, चौकोन, तीस किलो.
हमाल पावत्या एकमेकांना वाचून दाखवत.
कंपनीला तीन पत्रं गेली. कंपनी पुण्यात.
उत्तर आलं, तक्रार नोंदवली आहे.

काट्याचा प्रोग्रॅम सकाळी सातला उठतो
मालकाच्या हक्कानं, सगळ्या किल्ल्या कमरेला,
आणि छपाईच्या फाईलला नुसत्या नावानं हाक मारतो.
कुठली, कुणाची, कुठल्या कपाटातली, काही नाही.
आधी स्वतःच्या पायाशी बघतो,
पावत्यांच्या फोल्डरमध्ये,
जिथं कुणीही यावं, काहीही ठेवून जावं.
तिथून कुणी ओ दिली नाही
तरच आत, कुलपातल्या कपाटाकडं वळतो.

आणि पायाशी कुणीतरी बसलं होतं.
त्याच नावाची फाईल, जरा जाडसर,
सोळा नोव्हेंबर, रात्रीचे दोन चाळीस.

ती बाजूला केली. माझी एक ठेवली.
नाव तेच, आत चार ओळी.
प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला
आणि बारा सेकंदांत मी मगदूम शेठ झाले.
वजनं बदलता येत होती. उधारीची खाती,
मुलीच्या लग्नाचा हिशेब, सगळं उघडं.
तू कोण, असं मला कुणी विचारलं नाही.
नाव बरोबर होतं ना.
बंद केलं. तळहाताला घाम आणि गुळाचा चिकटा.

रात्रपाळीचा ऑपरेटर, सातापा कुंभार,
आयटीआय, एका विषयात दोनदा नापास.
पावती फाडण्यापलीकडं त्याला कसलाच हक्क नव्हता.
"म्याडम, मी फकस्त ळ घातला.
दुसरं कायबी न्हाई. बघा की उघडून."
बघितलं. अडीचशे ओळी, आणि खरंच,
एक ळ. ठिपक्यावर ठिपका ठेवून घडवलेला,
थोडा डावीकडं कललेला,
जसा तो हातानं काढत असणार.
वजनाला त्यानं बोट लावलं नव्हतं.
लावता आलं असतं हे त्याला माहीत होतं का,
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शेठांना पटेना. "आपल्याच माणसानं ओ दिली,
मग धोका कसला?"
कपाटाची किल्ली हातात घेऊन ते ओरडले,
"सातापा! हजेरीपट काढ!"
आतल्या खोलीतून कुंभार उठेपर्यंत
दारातला हमाल सातापा येऊन उभा राहिला,
खांद्यावर पोतं, हातात हुक.
तो जवळ होता.
शेठांनी किल्ली पुढं केलीसुद्धा होती.
त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग हात मागं घेतला.

रिपोर्टात लिहिलं, हाक पूर्ण मार्गासकट मारावी,
पायाशी कुणालाही बसू देऊ नये.
ळची फाईल ओळ न ओळ पुन्हा वाचली
आणि माझ्या हातानं कुलपातल्या कपाटात ठेवली.
'फाईल कुणाची' या रकान्यात
सातापा भरमू कुंभार, मु. पो. कोगे,
ता. करवीर, जि. कोल्हापूर.
हे त्याच्या भल्याचं झालं की वाईटाचं,
अजून कळलेलं नाही.

हमाल सातापा दारातच होता.
"काय काम हुतं, शेठ?"
कुणी सांगितलं नाही.
मग त्यानं काट्यावरची ताजी पावती उचलली, वाचली.
गूळ.
जरा हिरमुसला, आणि पोतं सावरत निघून गेला.