भाड्याची वही

संतोष नगरच्या चढावर, भंगारवाल्याला लागून
आमचं गोडाऊन आहे.
सतरा देव्हारे, एकाही देवाची प्राणप्रतिष्ठा न झालेले.
न्यायाधीशाच्या खुर्च्या. आरोपीचे दोन पिंजरे, एकाला वाळवी.
आणि चौकटीसकट उभे दरवाजे,
ज्यांच्यामागे कधीच घर नव्हतं.
मी वही लिहिते.
काय गेलं, काय आलं, काय फुटलं.

संपाआधी दिवसाला चार टेम्पो लागायचे.
रोज कुठली तरी सून जिन्यावरून पडायची,
जिना आमचा, अकरा पायऱ्यांचा,
रात्री तीनला परत यायचा
आणि त्याच्या मागून तो उचलणारे, डोळे तांबारलेले,
ज्यांची मजुरी नव्वद दिवसांनी.

मग एक्केचाळीस दिवस वहीत एकच नोंद:
प्लास्टिकच्या खुर्च्या, वीस नग. निर्मिती: संप.
मालक म्हणाले, भाडं लावू नकोस,
पण लिही.
चित्रनगरीच्या गेटबाहेर ताडपत्रीखाली त्या खुर्च्यांवर
हेअरची सईदा बसली, सेटिंगची पोरं बसली,
आणि लाईटचा विश्राम कोचरेकर,
अठ्ठावीस वर्षं तरापावर,
म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर
आणि कुणाच्याच नजरेत नाही.

समझोता झाला. पेढे आमच्यापर्यंत आले.
कराराची झेरॉक्स एका बिनघराच्या दारावर चिकटवली:
शिफ्ट बारा तास. पैसे तीस दिवसांत.
आम्ही जिन्याला पॉलिश मारून ठेवलं.

टेम्पो आला नाही.
पहिल्या आठवड्यात एक. अख्ख्या महिन्यात सात.
एका मालिकेची कथा वीस वर्षं पुढे सरकली
आणि खानदानी घराणं दोन खोल्यांत राहायला गेलं;
गरिबीला भाडं कमी पडतं.
एक युनिट नायगावला गेलं, एक राज्याबाहेर,
झुंबर तेवढं विसरून.

मग ती पोरं आली, मोबाईलसाठी करणारी.
उभी फ्रेम, दीड मिनिटाचा भाग,
दोन दिवसांत साठ.
"ताई, सोफा अर्धा मिळेल?
बाकीचा दिसतच नाही."
जाफरने करवत आणली.
सातजणांचा सोफा तिघांचा झाला,
उरलेल्या चौघांच्या जागेवर
आता आम्ही डबा खातो.

लोक विचारतात, सुरू झालं ना काम?
हो म्हणते.
वही मिटून ठेवते.

गुरुवारी विश्राम आला. घड्याळ हवं होतं.
घड्याळांची भिंतच आहे आमच्याकडे, तेहेतीस,
सगळी बंद,
कारण सीनमध्ये पावणेआठ वाजले
की दिवसभर पावणेआठच वाजलेले लागतात.
किती वाजलेलं देऊ? मी विचारलं.
तो म्हणाला, चालणारं.
कॅमेऱ्याच्या पुढे नाही, मागे लावायचंय.
सगळ्यांना दिसेल असं.

एकातच सेल धरला,
स्टेशनमास्तरच्या ऑफिसचं, पांढऱ्या तबकडीचं.
दोनदा अडखळलं, मग निघालं.
दुपारी फोन: साऊंडवाला ओरडतोय, टिकटिक येते.
मग म्हणे टॉवेलात गुंडाळून टांगलं,
काच तेवढी उघडी.

वहीत घड्याळांसाठी एक जादा रकाना आहे:
कितीवर थांबवलेलं.
पावणेआठ. बारा दहा. साडेतीन.
त्या ओळीत काय भरावं सुचेना.
तसाच सोडला.

शिफ्ट नऊ ते नऊ होती.
रात्री शटर ओढताना मी चढावरून खाली पाहत राहिले.
चित्रनगरीच्या बाजूला झाडांवर पसरलेला
एक मोठा पांढरा उजेड विझला,
नऊ वाजून सहा मिनिटांनी.

सहा मिनिटं.
ती मी लिहून ठेवली आहेत.