इट कुठं बसवायचा

दुसऱ्या गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर,
साडेसहाला होसमनी मॅडमचा क्लास.
आम्ही नऊ जण. पाच उद्यमबागेतले,
नखांत कूलंटचा वास घेऊन आलेले.
बैलहोंगलची सावक्का बँकेच्या परीक्षेसाठी,
गर्लगुंजीचा परशराम उगीचच.

मी आलो एका शब्दामुळं.
बाहेरच्या देशातून इन्स्पेक्टर आला होता
माझ्या लेथवरचा जॉब बघायला.
मी त्याला विचारलं, आय टेक ऑफ इट?
तो नाही हसला. हसला आमचा सुपरवायझर,
आणि ते हसू आठवडाभर कँटीनमध्ये
चहाबरोबर मिळत राहिलं.

मॅडम फळ्यावर लिहितात:
टेक ऑफ द कव्हर. टेक द कव्हर ऑफ.
दोन्हीला टिक.
कव्हरला नाव आहे, ते कुठंही उभं राहील,
उंबऱ्याच्या आत नाहीतर बाहेर.
पण इट? त्याला नाव नाही.
त्याला मधेच घ्यावं लागतं.
टेक इट ऑफ.
"बारकं पोर कसं गाडीवर मधी बसवता, तसं बघा री."
परशराम म्हणतो, "आणि मागं बसवलं तर?"
"पडतंय."

देसूरपर्यंत मी इट बसवत गेलो.
पिक इट अप. पुट इट डाऊन. थिंक इट ओव्हर.
तिसऱ्या गेटाला मालगाडी आडवी.
पुढच्या मोटरसायकलवर नवरा, बायको,
मधे टोपडं घातलेलं पोर, झोपलेलं,
कुठल्या भाषेत झोपलंय ते कळायला मार्ग नाही.

आमच्यात 'वर' आणि 'आत' मागून येतात,
शब्दाची शेपटी धरून: टेबलावर, गावात.
मॅडमच्या कन्नडातही मागूनच:
मेजिन म्याल, ऊराग.
सख्ख्या बहिणी नव्हेत, जावा आहेत दोघी,
पण वळण एकाच घराचं.
इंग्रजीत ते पुढं चालतात, इन, ऑन, विथ,
रानात बॅटरी धरणाऱ्या माणसासारखे,
आणि मागचा 'आय' त्यांना बघून अंग चोरतो,
'मी' होतो.
विथ मी. फॉर मी. ऑन मी.
हे मला पटलं.
म्हणजे इतके दिवस मी इंग्रजीत होतोच,
फक्त कुणाच्या तरी मागं.

फेब्रुवारीत तो परत आला.
मायक्रोमीटर डबीत ठेवत म्हणाला,
"सो, यू आर फ्रॉम अराउंड हिअर?"
उत्तर द्यायचं सोडून मी मोजत राहिलो.
फ्रॉम, त्यावर अराउंड, त्यावर हिअर,
गोदामातल्या पोत्यांसारखे रचलेले, तोल न जाता.
आमच्या भागात "कुठले हो तुम्ही?"
हा साधा प्रश्न नसतो.
विचारणाऱ्याचा एक कान आडनावाकडं असतो,
एक डोळा दुकानाच्या पाटीकडं.
याला बाजू असतात हेच ठाऊक नव्हतं.
"येस सर," मी म्हणालो. "राइट हिअर."

संध्याकाळी मॅडमना सांगितलं.
"आणि राइट कशाला घातला तिथं?"
मी म्हणालो, इथंचमधला 'च' हो, मॅडम.
त्या जरा थांबल्या. खडू हातातच.
"इल्लेऽ," म्हणाल्या. "आमचा नुसता लांबवायचा."
सावक्कानं तिन्ही वहीत उतरवून घेतले,
परीक्षेत येणार नाहीत हे माहीत असून.

खाली कुणीतरी कन्नडातल्या उताऱ्याच्या
चार प्रती मागत होता, मराठीत.
दोन्ही बाजूनं काढा, म्हणत होता.