गोल कोपरे

ऐरोली, खाडीच्या अंगाची काचेची इमारत, सहावा मजला.
रात्रपाळीत मी परक्या मुलखाची जमीन वाचते.
विमानातून लेझर सोडून
झाडं, गवत, मेंढ्या सगळं सोलून काढलेलं;
उरते नुसती करडी, उघडी पाठ.
तिच्यावर कुठे वळ उमटलेत का, एवढंच बघायचं.

मोरॅगने पहिल्याच दिवशी सांगितलं
(तिच्याकडचा वारा माझ्या हेडफोनमध्ये घोंघावत होता):
निसर्गाला सरळ रेघ जमत नाही,
आणि रोमन पलटणीला टोकदार कोपरा चालत नाही.
पत्त्याच्या पानासारखं काही दिसलं
तर खूण कर.

मी खुणा करत गेले.
मेंढवाडा. नामंजूर.
युद्धातली धावपट्टी. नामंजूर.
गोल्फचं मैदान. यावर ती बराच वेळ हसली.

एकदा मी विचारलं,
शिपायांना पगारात मीठ द्यायचे म्हणतात, खरं का?
म्हणाली, सगळे सांगतात, पुरावा कुणाकडे नाही.
मी गप्प बसले.
आम्ही आगरी. आमच्यात मीठ
आडनावाच्याही आधीचं.

मग एका पहाटे, साडेतीनच्या सुमाराला,
जवाच्या शेताखाली
एक कड. तिला वळण. वळणापुढे दुसरी कड.
मध्ये खंदक तुटलेला, दारापुरता,
आणि दारासमोर जरा अंतरावर
एक आखूड आडवा बांध,
उंबऱ्याबाहेर कुणी निजावं तसा.
मी खूण केली. हात पुसले. परत बघितलं.

आठ महिन्यांनी फोटो आले.
ओळीने भट्ट्या, एकीत करपलेले चार दाणे.
आणि छत्तीस खिळे, बुटाच्या तळव्याचे:
माणूस गेला, चामडं गेलं,
खिळे तसेच, पावलाच्या आकारात,
डाव्या.
एक रात्र राहिले असतील, मोरॅगने लिहिलं, फार तर दोन.
खणायचं, झोपायचं, सकाळी बुजवून चालू पडायचं.

त्या दिवशी घरी लॅपटॉप उघडून
मी दादांना ते खिळे दाखवले.
त्यांनी विचारलं, "भाकऱ्या कोन भाजं?"
ज्याची त्याची, म्हटलं.
"मंग बरा हाय."

मग आमच्याच गावाचा वरून काढलेला जुना फोटो लावला,
सेक्टर पडायच्या आधीचा.
मिठागरांच्या कोंड्या, चौकोनाला चौकोन लागून,
इतक्या सरळ
की मोरॅग खुर्चीतून उठली असती.
दादांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट टेकवलं:
ही उघाडी. हा जिताडीचा डोह.
हा धर्मा भोईरचा बांध, यावरून दोन पिढ्या बोलत नव्हत्या.
"भरती रोज मोडं, आमी रोज बांधू."
एका रात्रीसाठी नाही,
शंभर-सव्वाशे वर्षं, रोज.

मी आताचा नकाशा त्यावर पसरला.
माझी इमारत तिसऱ्या कोंडीत उभी.
माझी खुर्ची कुठे ते सांगता येईना;
दादांच्या मते उघाडीच्या जवळपास,
जिथे पहिलं पाणी आत यायचं.

साडेबारा टक्क्यांचा भूखंड, त्याचे चार वाटे,
हे सगळं मला पाठ आहे.
कोंड्या मी कधी बघितल्या नव्हत्या.

दादा अजून खिळेच बघत होते,
एक एक, बोटाने मोजत.
"आपला काय गावंल?" ते म्हणाले.
"आमी त अनवानी."

आज पाळीवर, काम संपल्यावर,
मी तो फोटो उघडला आणि बांधाभोवती रेघ ओढली,
सगळ्या उघाड्या सोडून, सगळे कोपरे घेऊन.
खिडकी उघडली: प्रकार निवडा.
छावणी. मेंढवाडा. नैसर्गिक. शंकास्पद.

खाली सफाईवाल्यांची बस लागली.
यादी उघडीच आहे.