निडोचा डबा

शिरोमी गेली तेव्हा तिच्या गॅलरीत
जिरेनियमच्या चार कुंड्या होत्या.
तीन वॉचमनने नेल्या.
चौथी माझ्याकडे आली. कुंडी कसली, निडोचा डबा,
बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं.
"पाणी कमी," ती दारातूनच म्हणाली,
"दया करून मारू नकोस."

जूनमध्ये रुवीचे डोंगर दिवसभर तापतात
आणि रात्री ऊन परत करतात, व्याजासकट.
पानं कडेने तांबडली. खालची गळाली.
मी डबा आत आणला, वॉशिंग मशीनवर,
एसीच्या झोतापासून दीड हात लांब.
एसीची नळी बादलीत टपकते, ते पाणी त्याला चालतं,
आठवड्याला एक वाटी.
आधी मातीत बोट खुपसायचं;
ओलं लागलं तर वाटी तशीच परत.

ऑगस्टात नुसती काटकी.
सुधन्वा म्हणाला, टाक आता.
मी नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

मग एका सकाळी दार उघडलं
आणि हवा अंगावर धावून आली नाही.
डबा बाहेर ठेवला. शेंडा छाटला, पेराखाली,
रात्रभर कागदावर पडू दिला.
कापलेलं टोक आधी वाळावं लागतं,
ओलं लावलं तर कुजतं.
हे शिरोमीने सांगितलं नव्हतं.
एक कलम कुजवून शिकले.

डिसेंबरात गुच्छ आला. लाल, जरा बटबटीतच.
तिला फोटो पाठवला. अजून एकच टिक.
पान चुरगळून बोटं हुंगली:
लिंबू, गंज, तिच्या जिन्यातला अंधार.

आता डबे दोन.
आमचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे.