हजेरी

नझ्मी चाउश नगराध्यक्ष झाले तेव्हा
तोझलुदेरेत दिवे होते सव्वीस
आणि नळ एक, मशिदीमागे, तोही थुंकल्यासारखा वाहायचा.
चाउश हा पलटणीतला हुद्दा, गावाने नावाला चिकटवलेला.
मी टाइपरायटरवरचा पोरगा.
प्रांताधिकाऱ्याला पत्र लिहायचं तर म्हणायचे,
लिही : पाइप पाठवा. बाकीचं तू घाल.
मी बाकीचं घालायचो.

डाव्या पायाची तीन बोटं कोरियाच्या बर्फात राहिलेली,
त्यामुळे सपाट रस्त्यावरही
चढ चढत असल्यासारखे चालायचे.
चहाच्या दुकानात कुणी लढाईचा विषय काढला
की साखरेचा खडा दाताखाली धरून म्हणायचे,
थंडी होती.
एवढंच.
पदक कुठे आहे ते बायकोलाही ठाऊक नव्हतं.
पुढे सापडलं, शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये.

निवडणुकीतलं भाषण चार वाक्यांचं,
त्यातलं तिसरं वाऱ्याने नेलं.
एकोणीस मतांनी निवडून आले.

दिवे लागले की गावभर फिरून मोजायचे.
ओठ हलायचे, बोटं खिशात.
'पंचवीस,' कचेरीच्या दारातूनच सांगायचे,
'लोहाराच्या कोपऱ्यावरचा आला नाही.'
विझला नाही म्हणायचे. आला नाही.
आणि तो लागेपर्यंत जेवायला जायचे नाहीत.
लोक हसायचे. मीही हसलोय, पाठीमागे.

मग पाइप आले, दोन हिवाळे उशिरा.
टेकडीवरचं शेवटचं घर हनीफे म्हातारीचं.
तिथवर न्यायचं तर एकशे चाळीस मीटर जास्त, वर पंप.
सभेत खाटीक रेमझी म्हणाला,
एका बाईच्या घशासाठी अख्ख्या गावाची पाणीपट्टी वाढवायची?
चुकीचं नव्हतं त्याचं.
हिशेब मीच करून दिला होता.

चाउशांनी हजेरीपुस्तक मागितलं.
एकेक नाव वाचू लागले.
समोरच बसलेली माणसं गोंधळून 'हजर' म्हणत गेली.
शेवटी पुस्तकात नसलेलं नाव घेतलं :
बेकिर, हनीफेचा.
आणि स्वतःच म्हणाले, हजर.

शेगडीत कोळसा फुटला तेवढाच आवाज.

'खिंडीतून मागे येताना हजेरी मी घ्यायचो.
अकरा दिवस त्याच्या नावाला मी ओ दिली.
त्याचा पाव येत राहिला.
तो आम्ही खाल्ला. मीपण.'
मग माझ्याकडे वळून : 'हे लिहू नकोस.'
मी लिहिलं नाही.

ठराव एका मताने पास झाला.
रेमझीने विरोधातच हात वर केला
आणि दुसऱ्या दिवशी पाच किलो मटण घरी पाठवलं.
चाउशांनी परत केलं. चरबी जास्त होती, म्हणाले.

हनीफेच्या नळातून आधी हवा आली, मग गंज, मग पाणी.
तिच्या कानावर गेलंच असणार, गाव ते केवढं.
तिने पेला भरला, विसळला, ओतून दिला,
पुन्हा भरला आणि त्यांच्यापुढे धरला.
ते पेल्यात बघत पुटपुटले : मुल.

उतरताना मी विचारलं.
'तिकडे पाण्याला म्हणतात.
रस्त्याच्या कडेला एक पोर म्हणत होतं.
ट्रक थांबला नाही.'
मग बराच वेळ त्यांचा फक्त पाय वाजत राहिला,
एक पूर्ण, एक अर्धा.

पुढची निवडणूक हरले. पंपाचं बिल लोकांना जड गेलं.
खुर्चीत रेमझी आला,
पण संध्याकाळचं फिरणं सुटलं नाही.
दिवे आता ऐंशीच्या वर, मोजणी मध्येच चुकायची,
की पुन्हा मशिदीपासून सुरुवात.
शेवटच्या वर्षी बायको कंदील घेऊन मागून जायची,
उजेडासाठी नव्हे, ते सापडावेत म्हणून.

मी निवृत्त होऊनही आता चौदा वर्षं झाली.
माझ्या खिडकीतून सातच दिवे दिसतात.
काल सहा होते.
कचेरीत फोन केला.
पोरगं म्हणालं, उद्या बघू, काका.
ताट झाकून ठेवलंय.