डाव्या कोपऱ्यात

मेसेज आला तेव्हा मी पांजरपोळात
टर्नरच्या दारात पॅटर्न उतरवत होतो.
पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर, सांगली फाट्याच्या अलीकडं,
मंगळवार, सात वाजून बारा मिनिटं.
वेग शहाऐंशी, मर्यादा साठ.
दंड दोन हजार.

आधी शिवी दिली. कॅमेऱ्याला, मग आरटीओला,
मग जरा हळू आवाजात
रस्ता एवढा गुळगुळीत करणाऱ्याला.
इर्शाद मुजावर वेल्डिंगची काच वर करून म्हणाला,
भरू नकोस भावा, लोकअदालतीत निम्म्यात मिटतंय.
माझी तीन हायत तसली.
वाईट कसलं वाटून घ्यायचं? सगळं गावच ऐंशीनं पळतंय.

खरं सांगायचं तर वाटलं नव्हतंच काही.
वीस वर्षं गाडी चालवतोय.
साठची पाटी मला
देवळाबाहेरच्या दुसऱ्याच्या चपलेसारखी.
दिसते, पण आपली नव्हे.
आणि त्या उसाच्या ट्रॉल्या, रात्री विनादिव्याच्या,
त्यांना कोण विचारतं?
असली उत्तरं तोंडात असतातच, बडीशेपेसारखी.

रात्री जेवल्यावर फोटो उघडला.
नंबर माझाच आहे का, एवढंच बघायचं होतं.
माझाच. मागच्या काचेवर निम्मा सोललेला स्टिकर.
बोटांनी मोठा करताना फोटो सरकला
आणि डाव्या कोपऱ्यात एक माणूस आला.
रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीवर.
टोपी. सायकल. कॅरेजला दुधाची किटली.
पुढचं पाऊल टेकता टेकता थांबलेलं.
एक हात हँडलवर.
दुसरा मागं, आडवा, पंजा उघडा,
आपण कुणाला तरी अडवताना धरतो तसा.

कुणाला, ते दिसत नाही.
तिथं फोटो संपतो.

वैजयंतीला दाखवला. तिनं चष्मा लावला,
फोन लांब धरला, जवळ धरला.
पोरगं असणार, म्हणाली.
हात किती खाली आहे बघा की.

मी त्याला पाहिलंच नव्हतं.
हे मी स्वतःला तीन-चारदा सांगितलं,
जणू ही साक्ष माझ्या बाजूची आहे.

मग आठवू लागलो, घाई कसली होती त्या दिवशी.
फौंड्रीचं गेट साडेसातला उघडतं.
मी सात-अठरालाच पोचलो होतो.
गाडीत बसून शेंगा खाल्ल्या,
टरफलं खिडकीतून टाकली,
एका कुस्तीचा जुना व्हिडिओ बघितला.
दोनदा.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अठ्ठावन्ननं गेलो.
मागच्या टेम्पोनं हॉर्न दाबून धरला,
बाजूनं जाताना ड्रायव्हर ओरडला,
शिकाय लागलाईस काय गाडी?
कडेला कुणी नव्हतं. घाणेरीचं झुडूप,
त्यात अडकलेली निळी पिशवी.
तिसऱ्या दिवशीही नव्हतं.
आठवड्यानं एक किटलीवाला दिसला,
पण त्याच्याकडं मोटारसायकल होती
आणि तो माझ्यापेक्षा जोरात निघून गेला.

कॅमेऱ्याचा खांब मागं पडला की
पाय जड होतोच, खोटं कशाला बोलू.
सत्तर. पंचाहत्तर.
मग कधी कधी वाटतं, डाव्या अंगाला
कुणीतरी हात आडवा धरलाय,
आणि पाय उचलला जातो.
रोज नाही.

दंड भरून टाकला. पुरा.
येडा हायस काय, इर्शाद म्हणाला,
पुढच्या महिन्यात लोकअदालत होती की.
निम्म्यात का नाही मिटवलं
ते मला त्याला नीट सांगता आलं नाही.
चहा घेतला, आलो.

वैजयंती म्हणते, काढून टाका तो फोटो.
काढतो म्हणतो.
आणि पुन्हा दोन बोटांनी ओढून बघतो
त्या पंजाच्या पलीकडं,
जिथं फोटोच नाही.