खरं

पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला सगळं देऊन टाकलं.
गोळी लागली की गोळीच चेपते.
राकसकोपच्या तळाशी तीन दिवस बसवला,
वर आला तो शर्टाची इस्त्री शाबूत.
शिवलीला हुद्दारनं त्याचे खांदे काढले
किल्ल्याच्या बुरुजासमोर दुपारभर बसून,
आणि कोपऱ्यातली जिवाची लाल पट्टी
मी काढूनच टाकली. काय मोजायचं तिनं?

उद्यमबागेत, फौंड्रीवरच्या खोलीत बसतो आम्ही.
खाली रस ओततात तेव्हा
वर माऊस आपोआप सरकतो.

तवनाप्पांचा नातू पायगोंडा, वय अकरा,
आमचा पहिला खेळाडू.
बारा मिनिटं खेळला, मग रिमोट ठेवून म्हणाला,
ह्यो मेला तर हाक मारा,
मी मिरची भजी घिऊन येतो.

मग आम्ही शत्रू उंच केले. आणखी उंच.
शेवटचा तर एवढा झाला
की पडद्यावर त्याचा गुडघाच तेवढा मावायचा,
आणि आमचा हा त्या गुडघ्याला
कंटाळल्यासारखी एक बुक्की मारायचा.

एकदा तवनाप्पा चहा घेऊन वर आले.
सिलिंडरला प्रेशर देऊन
कुठं पाझरतंय ते बघण्यात तीस वर्षं गेली त्यांची.
बॅटरी मारून बघावं तसं पडद्याकडं बघितलं.
'भारी हाय गडी,' म्हणाले. 'खरं...'
तेवढ्यात भोंगा झाला. उतरून गेले.

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याचा माणूस ऐकून कान टवकारतो,
आता काहीतरी सत्य येणार;
येतं ते एवढंच, की
खरं बस गेली,
खरं आमटीत मीठच नव्हतं.

त्या रात्री नवी फाइल उघडली. तिचं नाव हेच.
तो उडत येतो, वडगावच्या गल्लीत उतरतो,
ज्या छपरावर उतरतो त्याची कौलं फुटतात.
खाली मागावर शंकरव्वा,
कौलाच्या तुकड्यानं धागा तुटलेला.
कुठं लागलं? तो विचारतो, माझ्या आवाजात.
ती कन्नडमध्ये बरंच काही सांगते,
शिवलीलाच्या आईच्या आवाजात.
खाली भाषांतर येत नाही. आम्ही ठेवलंच नाही.
ती बोटानं धागा दाखवते.
आता रेल्वे अडवणाऱ्या त्या हातांनी
एक रेशमी टोक दुसऱ्याला बांधायचं.
बटण जरा जास्त दाबलं, तुटलं.

पायगोंडानं सत्तावीस वेळा तोडला.
शिव्या दिल्या, दोन्ही भाषांत.
घामेजली बोटं चड्डीला पुसली.
भज्यांचा कागद तेल पीत तसाच पडून.
खाली रस ओतला, माऊस सरकला,
त्यानं न बघताच तो कोपरानं अडवला.

जिन्याखालून हाक आली, चल की रे, गेट लावतो.
'आलो की आज्जा,' तो म्हणाला,
अगदी हळू, धागा हलेल म्हणून,
'खरं...'